लिहायला काही सुचत नाही आणि चांगली पुस्तकं परवडत नाहीत. प्रेरणा कुठून आणावी?

तुम्ही लिहिलंय की कथा, एकांकिका लिहायची फार इच्छा आहे, पण कोरं पान समोर आलं की डोकं बंद पडतं. आणि चांगलं काही वाचावं म्हटलं तर चारशे-पाचशेच्या खाली पुस्तक नाही. यातला ‘चांगलं’ हा शब्द मला जरा खटकला. मी गेली बारा-तेरा वर्षं नोकरी सांभाळून एकांकिका लिहिते. मला ज्या पुस्तकांनी लिहितं केलं, त्यातली बरीचशी चांगली नव्हती. वीस रुपयांना एक, पन्नासला तीन अशी होती.

मी डोंबिवलीची. धीमी लोकल पकडायची, माटुंग्याला पूर्वेला उतरायचं आणि किंग्ज सर्कलच्या बागेपर्यंत चालत जायचं. माहेश्वरी उद्यान म्हणतात ते हेच. तिथे फुटपाथला लागून जुन्या पुस्तकांचे स्टॉल आहेत. अभ्यासाची जाडजूड पुस्तकं समोर, इंग्रजी कादंबऱ्या त्यांच्या शेजारी, आणि मराठी असलंच तर सगळ्यांच्या खाली दबलेलं. उकिडवं बसायची तयारी हवी. पुण्यात असाल तर अप्पा बळवंत चौक आहेच, पण तिथे क्रमिक पुस्तकांचाच भरणा. खरं सांगू का, माझी सगळ्यात कामाची खरेदी यातली कुठलीच नाही. ती आमच्या गल्लीतल्या रद्दीवाल्याकडची आहे. कुणाच्या घरातलं म्हातारं माणूस जातं, कपाट रिकामं होतं आणि नाटकांची पातळ पुस्तकं जुन्या दिवाळी अंकांच्या गठ्ठ्यात बांधून थेट तराजूवर येतात. रद्दीवाल्याला एकदा सांगून ठेवा, ‘दादा, नाटकाचं काही आलं तर बाजूला काढा.’ काढतात. पहिल्यांदा हसतात, मग काढतात.

नाटकंच का? एक तर एका बैठकीत वाचून होतात. आणि दुसरं म्हणजे, कादंबरी वाचलेली असते, नाटकाची प्रत वापरलेली असते.

माझ्याकडे एक तीन अंकी कौटुंबिक विनोदी नाटक आहे. नाव सांगत नाही, लेखकाच्या घरचं कुणी हे वाचत असायचं. नाटक बेतास बात. पण ती प्रत कुठल्याशा हौशी मंडळाच्या तालमीत फिरलेली आहे, आणि ज्याच्याकडे मामाची भूमिका होती त्याने मामाची सगळी वाक्यं लाल पेन्सिलीने अधोरेखित केली आहेत. समासात बारीक अक्षरात सूचना: ‘चष्मा काढ’, ‘विंगेत जाताना वळून बघ’, एके ठिकाणी ‘हशा. थांब.’ दुसऱ्या अंकात मामा रडणाऱ्या भाचीला समजावतो. छापलेलं भाषण सहा ओळींचं आहे. आयुष्य, आघात, संकटं, ताठ मान, सगळं त्यात आहे. त्या सहाच्या सहा ओळींवर पेन्सिलीने काट मारली आहे आणि वर लिहिलं आहे: ‘जेवलीस का?’

मी ते रद्दीच्या दुकानातच उभ्याने वाचलं आणि अंगावर काटा आला. लेखकाला जे ऐकू आलं नव्हतं ते त्या नटाला तालमीत बोलता बोलता ऐकू आलं होतं. मामा असं भाषण देऊच शकत नाही. मामा जेवणाचंच विचारणार. तेव्हापासून मला हा नादच लागला. जुनं नाटक आणायचं, पेन्सिल घ्यायची, जिथे पात्र बोलायच्या ऐवजी लेखक बोलतोय तिथे काट मारायची आणि वर आपलं वाक्य लिहायचं. सगळं मोठ्याने वाचायचं, स्वयंपाक करताना, कुकरच्या शिट्ट्यांच्या मधे. जे वाक्य जिभेला अडतं ते खोटं असतं. जुन्या नाटकातली स्वगतं तर या कामासाठी सोन्यासारखी. पानभर स्वगत घ्या आणि तीच गोष्ट त्या माणसाला एक शब्दही न बोलता, फक्त काहीतरी करायला लावून दाखवता येते का बघा. चारशे रुपयांच्या कोऱ्या पुस्तकावर असा हात चालत नाही. माझा तरी नाही चालत.

थोर लेखक वाचू नका असं मी म्हणत नाहीये. पण गडकरी वाचले की आठवडाभर मला कोटी केल्याशिवाय साधं पाणी मागता येत नाही. थोर लेखन वाचून वही मिटावीशी वाटते. फसलेलं नाटक वाचून मात्र ‘अरे, हे असं नको होतं’ म्हणून हात शिवशिवतात. लिहायला बसण्यासाठी मला ही दुसरी खाजच उपयोगी पडली आहे.

विषयही तिथेच मिळतात, बहुतेकदा संवादांच्या बाहेर. अंक पहिला, मध्यमवर्गीय दिवाणखाना, डावीकडे स्वयंपाकघराचं दार, तिपाईवर टेलिफोन. असा टेलिफोन मला लागोपाठ तीन नाटकांत भेटला. आमच्या ग्रुपमधल्या एका मुलाने विचारलं, ‘ताई, शेजारी सारखे यांच्याच घरात येऊन फोनवर का बोलतात?’ त्याला पी.पी. नंबर म्हणजे काय ते समजावलं. दुसऱ्याच्या घरचा फोन नंबर स्वतःच्या पत्त्याखाली द्यायचा आणि पुढे पी.पी. लिहायचं. फोन आला की त्या घरातलं कुणीतरी हाक मारायला धावणार. समजावता समजावता मलाच एक बाई दिसली, चाळीत एकटीच्याच घरी फोन असलेली. कुणाची नोकरी, कुणाचं लग्न मोडलेलं, कुणाचे वडील गेलेले, सगळं आधी तिच्या कानावर येतं, आणि त्या दारापर्यंतची वीस पावलं चालताना चेहरा कसा ठेवायचा हे तिलाच ठरवावं लागतं. तीन रविवारांत एकांकिका झाली. स्पर्धेत पहिल्याच फेरीत बाद झाली. शेवट लांबलाय म्हणाले, आणि खरंच लांबला होता. आता तो कापलाय.

एक सावधगिरी मात्र बाळगा. नाटकाच्या पहिल्या पानांवर पहिल्या प्रयोगाची तारीख आणि कलावंतांची नावं असतात, तिथेच प्रयोगाच्या हक्कांबद्दलची सूचनाही असते. ती गंभीरपणे घ्या. पुस्तक वीस रुपयांना मिळालं म्हणून नाटक आपलं होत नाही. आपल्याकडे लेखकाच्या मृत्यूनंतरही ६० वर्षं हक्क राहतात. तिपाईवरचा टेलिफोन घ्या, संवाद उचलू नका. आणि कसर लागलेली प्रत असेल तर घरातल्या पुस्तकांत ठेवण्याआधी चांगली झटकून घ्या, नाहीतर सगळं कपाट जाईल.

त्या मामाच्या प्रतीच्या शेवटच्या कोऱ्या पानावर त्याच लाल पेन्सिलीने हिशोब आहे. मिशी, टोपी, रिक्षा, वडे १८. खाली बेरीज, आणि बेरजेखाली ‘सुमन आली नाही’ एवढंच. नाटकात सुमन नावाचं पात्र नाही. मी त्यावर दोनदा लिहायला बसले, जमलं नाही. तुम्हाला जमत असेल तर खुशाल घ्या.