सोन्याची संयुगं आणि लेश्मानियाचे व्रण

प्रश्न : त्वचेच्या लेश्मानियावर (वाळूमाशीच्या चाव्यातून शिरणाऱ्या परजीवीमुळे व्रण पाडणाऱ्या आजारावर) सोन्याची संयुगं प्रयोगशाळेत गुणकारी ठरली, असं वाचलं. मग ती रुग्णांना का देत नाहीत?

उत्तर : या आजारात धातूचा उपचार जुनाच आहे. ब्राझीलमध्ये गास्पार व्हियाना यांनी १९१२ साली अँटिमनीचं संयुग वापरलं. आजही अँटिमनीची इंजेक्शनं किलोमागे रोज २० मिलिग्रॅम, साधारण २० दिवस देतात. हृदय आणि स्वादुपिंडाला त्यांचा त्रास होतो, म्हणून पर्याय शोधणं चालू आहे.

सोनं परजीवीचं ट्रायपॅनोथायोन रिडक्टेज हे विकर (एन्झाइम) बंद पाडतं. पण प्रयोगशाळेतलं यश रुग्णात टिकेलच असं नाही. अनेक चाचण्या परजीवीच्या वाळूमाशीतल्या, शेपटीवाल्या रूपावर होतात. माणसात परजीवी मॅक्रोफेज (जंतू गिळणाऱ्या) पेशींच्या आत, शेपटीविना राहतो. खरी परीक्षा तिथेच! संसर्गित पेशींना ७२ तास औषध द्यायचं, गिम्सा रंग देऊन दर १०० पेशींमागे परजीवी मोजायचे. निरोगी पेशींनाही तेच औषध द्यायचं. त्यांना मारणारी मात्रा परजीवी मारणाऱ्या मात्रेच्या निदान दहापट हवी.

फसगत बहुधा द्रावणात होते. औषध विरघळवायला वापरतात ते डीएमएसओ काही धातूंशी स्वतःच बंध जोडतं, मग चाचणी भलत्याच संयुगाची होते. द्रावण ताजंच वापरावं. सीरममधलं (रक्तातल्या द्रवातलं) अल्ब्युमिन हे प्रथिनही सोनं धरून ठेवतं. सीरमविना मिळालेल्या आकड्यांवर विसंबू नये.