चिऱ्यामागे पन्नास पैसे

प्रश्न : आमच्या वाडीतल्या सामाईक कातळावर चिरेखाण काढायला एका ठेकेदाराला जागा भाड्याने हवी होती. सातबारावर चौदा नावं. त्यातली नऊ मुंबईला, दोन मयत. वारस नोंदी मी करून घेतल्या. परळ, डोंबिवली, विरार फिरून संमतीपत्रांवर सह्या आणल्या. एसटीचं तिकीट, झेरॉक्स सगळं माझ्या खिशातून. ‘भाऊ, निघेल त्या चिऱ्यामागे पन्नास पैसे तुमचे,’ असं ठेकेदार आमच्या खळ्यात बसून बोलला होता. गेल्या शिमग्याला खाण सुरू झाली. पाच हजार रोख दिले, आता फोन उचलत नाही. तहसीलमध्येही मीच ‘बघून घेतलं’ होतं. पैसे कसे वसूल करू?
— एक वाचक, कणकवली तालुका

उत्तर : आधी ‘बघून घेतलं’ म्हणजे काय ते तुमचं तुम्ही ठरवा. अर्ज कुठे अडकला ते विचारत खेपा घातल्या असतील, तर ती मेहनतच. पाकीट सरकवलं असेल, तर ते पैसे विसरा. बेकायदा हेतूचा करार कोर्ट मानत नाही (करार कायदा 1872, कलम 23), आणि भ्रष्टाचार प्रतिबंधक कायद्यातल्या 2018 च्या दुरुस्तीनंतर लाच देणाराही थेट आरोपी होतो. ‘सेटिंगचा खर्च’ असा आकडा नोटिशीत घाला म्हणणाऱ्या पक्षकारांना मी चहा पाजून परत पाठवतो.

सह्या आणि वारस नोंदींचं काम मात्र चोख आहे. तोंडी करार हाही करारच, अडचण पुराव्याची. त्या दिवशी खळ्यात आणखी कोण होतं? ठेकेदाराचे व्हॉट्सॲपवरचे निरोप असतील तर पुसू नका, तो फोनही विकू नका. ते कोर्टात द्यायचे तर नव्या साक्ष अधिनियमाच्या कलम 63 चं प्रमाणपत्र जोडावं लागतं. पन्नास पैशांचा बोल सिद्ध झालाच नाही, तरी करार कायद्याचं कलम 70 आहे : फुकटात करण्याचा इरादा नसताना तुम्ही कायदेशीर काम केलंत आणि समोरच्याने त्याचा फायदा उपटला, तर मोबदला मागता येतो. तो किती, ते मग कोर्ट ठरवील.

चिरे मोजणार कसे? ठेकेदाराची वही तुमच्या हाती लागायची नाही. सरकारची रॉयल्टी ब्रासवर (म्हणजे 100 घनफुटांच्या मापावर) भरली जाते, वाहतुकीचे पास ‘महाखनिज’ या सरकारी पोर्टलवर निघतात, ते आकडे माहिती अधिकारात मागून पाहा. ब्रासचे चिरे करताना भांडण होणारच, म्हणून त्या खाणीतला एक चिरा विकत घेऊन पट्टी लावून फोटो काढून ठेवा.

दावा लावायची मुदत 3 वर्षांची. शेवटची सही आणलीत त्या तारखेपासून धरून चाला, म्हणजे फसणार नाही. ‘देतो हो’ म्हटल्याने ती वाढत नाही. मुदत संपण्याआधी त्याच्या सहीची लेखी कबुली मिळाली तर वाढते. पाच हजारांची चिठ्ठी नसेल, तर मुदतीच्या कामी त्यांचाही उपयोग नाही.

आणि भावकीला तुमचे पन्नास पैसे ठाऊक होते का? पत्रात त्याबद्दल अक्षर नाही. आपला माणूस म्हणून त्यांनी तुमच्यासमोर सह्या केल्या असतील, तर ठेकेदाराचा वकील पहिल्यांदा तिथेच बोट ठेवील, आणि तुमचे साक्षीदार तर तेच. गणपतीला सगळे वाडीत येतील तेव्हा सांगून टाका, नोटीस त्यानंतर धाडा.