कंपन्या आयटी यंत्रणेच्या देखरेखीसाठी प्रगत विश्लेषण कसे स्वीकारतात?

गार्टनर या संशोधन कंपनीने २०१६ च्या सुमारास ज्याला ‘एआयऑप्स’ (आयटी यंत्रणा सांभाळण्यासाठी विश्लेषण व कृत्रिम बुद्धिमत्तेचा वापर) हे नाव दिले, त्या पद्धतीची खरी सुरुवात मशीन लर्निंगने नव्हे, तर विखुरलेली माहिती एकत्र आणण्याने होते. सर्व्हरचे लॉग, म्हणजे घडामोडींच्या नोंदी, एकीकडे, नेटवर्कची मोजमापे दुसरीकडे आणि तक्रारींची तिकिटे तिसऱ्याच प्रणालीत असतील, तर कोणतेही साधन बिघाडाचे मूळ शोधू शकत नाही. सर्व सर्व्हरची घड्याळेही जुळलेली हवीत, कारण त्याशिवाय आधी काय घडले आणि नंतर काय, हे ठरत नाही. या तयारीकडे दुर्लक्ष करून थेट महागडे सॉफ्टवेअर घेणे ही मला सर्वांत मोठी चूक वाटते.

त्यानंतर इशारा देण्यासाठीच्या ठरावीक मर्यादांची जागा जुन्या नोंदींवरून शिकलेली सरासरी घेते. सोमवारी सकाळी प्रोसेसरचा ८० टक्के वापर नेहमीचा असू शकतो, पण तोच रविवारी पहाटे दिसला तर शंकेला जागा असते, आणि हा फरक जुन्या नोंदींवरून ओळखता येतो. एक डेटाबेस मंदावल्यामुळे आलेल्या शंभर इशाऱ्यांचा एकच गट करणे हा पुढचा टप्पा असून, रात्रपाळीतील अभियंत्याला सर्वाधिक दिलासा यातूनच मिळतो.

खर्चाची अडचण असेल तर साउंडक्लाउड या ऑनलाइन संगीत कंपनीमध्ये २०१२ साली सुरू झालेल्या प्रोमिथियससारख्या मुक्त स्रोत देखरेख साधनापासून आरंभ करता येतो.

आपोआप दुरुस्ती मात्र सर्वांत शेवटी आणावी, आणि प्रारंभी प्रत्येक कृतीला माणसाची मंजुरी ठेवावी.