थारला ३३ इंची टायर बसवताना गॅरेजने न विचारता पत्रा कापला, लिंक रॉड काढून टाकले. आता काय करावं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: २०२२ ची थार एलएक्स. दोन इंच लिफ्ट (सस्पेन्शनमधून गाडी उंच करणं) आणि मूळच्या रिमवर २८५/६५ आर १८ टायर, एवढंच काम सांगितलं होतं. गाडी ताब्यात घेतली तेव्हा पुढच्या चाकांमागचा पत्र्याचा जोड ग्राइंडरने कापलेला, पुढचे दोन्ही लिंक रॉड (स्टॅबिलायझर बारला सस्पेन्शनशी जोडणारे छोटे दांडे) गायब आणि पुढच्या चाकांना ३० मिमीचे स्पेसर (हब आणि चाकामध्ये टाकायच्या जाड चकत्या). बिलात यातलं काहीच नाही. गॅरेजमालक म्हणतो, "त्याशिवाय टायर बसतच नाही."

गॅरेजमालक अर्धं खरं बोलतोय. टायर बसत नव्हता, पण का बसत नव्हता ते त्याने सांगितलं नाही. मूळचा २५५/६५ आर १८ टायर ७८९ मिमी व्यासाचा, नवा ८२८ मिमीचा, म्हणजे साधारण ३३ इंच. फरक ३९ मिमी, म्हणजे निव्वळ टायरमुळे गाडी जेमतेम २० मिमी उचलली जाते. खरी अडचण रुंदीची असते. टायर ३० मिमीने रुंद झाला, म्हणजे मूळ रिमवर तो १५ मिमी आत सरकला आणि स्टिअरिंग पूर्ण कापल्यावर आतल्या बाजूला घासू लागला. यावरचा सरळ इलाज म्हणजे थोड्या कमी ऑफसेटची, म्हणजे चाक थोडंसंच बाहेर आणणारी रिम. त्याऐवजी याने ३० मिमीचा स्पेसर टाकून अख्खं चाक बाहेर ढकललं. चाक बाहेर गेलं की वळताना ते आधीपेक्षा मोठ्या कमानीत फिरतं. मग टायरची बाहेरची कड मागे पत्र्याच्या जोडाला आणि पुढे बंपरच्या कोपऱ्याला लागते. ते लागलं म्हणून ग्राइंडर चालवला. थोडक्यात, पत्रा बहुतेक टायरने नाही, स्पेसरने कापायला लावलाय. लिफ्टने चाकाला वरच्या बाजूला जागा मिळते, पुढे-मागे मिळत नाही. सस्पेन्शन पूर्ण दबलं की चाक पूर्वी जिथे जायचं तिथेच जातं.

लिंक रॉडचं कारणही असंच. गाडी उचलली की स्टॅबिलायझर बारचा (वळताना गाडी एका बाजूला झुकू न देणाऱ्या दांड्याचा) कोन बदलतो, मूळचे लिंक रॉड ताणले जातात किंवा कुठेतरी टेकतात. योग्य लांबीचे लिंक आणायचे, नाहीतर बारचे क्लॅम्प ब्रॅकेट टाकून खाली आणायचे, हे त्यावरचं काम. काढून ठेवणं दहा मिनिटांचं आणि फुकटचं. थारला पुढे डबल विशबोन (प्रत्येक चाकाला वर-खाली दोन आर्म असलेलं स्वतंत्र सस्पेन्शन) आहे, गाडी मुळात उंच आहे, त्यात आणखी दोन इंच. बार सुटलेला असताना ताम्हिणीच्या वळणांवर ती कशी कलंडेल याचा विचार करा. एलएक्सचं ईएसपी (गाडी घसरायला लागली की सावरणारी यंत्रणा) आणि रोलओव्हर मिटिगेशन (उलटणं टाळणारी यंत्रणा) बार जागेवर आहे असं धरून बसवलेलं असतं. त्यामुळे लिंक परत बसेपर्यंत हायवे आणि घाट बंद. गावात, हळू, तेही अगदी गरज असेल तरच.

पण लगेच दुरुस्तीला लावू नका. आधी पुरावा जमा करा. कापलेल्या कडेला मोजपट्टी लावून फोटो काढा, दोन्ही बाजूंचे, एक जवळून आणि एक लांबून, गाडीचा नंबर दिसेल असा. स्पेसर, लिंकच्या रिकाम्या जागा, जुन्या बोल्टच्या जागी नवे दिसत असतील तर त्यांच्या डोक्यावरचा मजबुतीचा आकडा (८.८ की १०.९; मोठा आकडा जास्त मजबूत). सस्पेन्शनला मूळचा १०.९ काढून ८.८ घातला असेल तर तो स्वतंत्र मुद्दा आहे. काढलेले सगळे भाग लेखी मागा: लिंक रॉड, लाइनर (चाकाच्या कमानीतलं प्लास्टिकचं अस्तर), बोल्ट आणि मूळचे टायर. "जुने टायर एक्स्चेंजमध्ये गेले" हे उत्तर बऱ्याचदा मिळतं. बिलात एक्स्चेंजची रक्कम वजा केलेली नसेल तर ते टायर तुमचेच आहेत. व्हॉट्सअॅपवरचं बोलणं एक्स्पोर्ट करून ठेवा आणि जे तोंडी ठरलं होतं ते आता मेसेजमध्ये लिहून पाठवा: "आपलं अमुक तारखेला एवढंच ठरलं होतं, या तीन गोष्टी मला न विचारता झाल्या." तो काय उत्तर देतो तेही कामाला येतं. "बसतच नव्हतं म्हणून कापलं" असं त्याने स्वतः लिहिलं तर त्याने कबुलीच दिली.

आता लिफ्ट खरंच दोन इंच आहे का ते मोजा. जमिनीपासून मोजू नका, त्यात टायरही येतो. हबच्या मध्यापासून सरळ वर मडगार्डच्या कडेपर्यंत मोजा आणि तशाच मॉडेलच्या न बदललेल्या थारशी ताडून पाहा. दोन्ही गाड्या सपाट जागी हव्यात. पुढे शॉकच्या डोक्यावर जी चकती टाकतात तिच्या जाडीच्या जवळपास दुप्पट उंची चाकापाशी मिळते, कारण शॉक लोअर आर्मला मध्ये कुठेतरी पकडलेला असतो. म्हणजे दोन इंचाला २५ मिमीच्या आसपासची चकती पुरते. पुष्कळ मिस्त्री "दोन इंच म्हणजे ५० मिमी" असं धरून ५० ची चकती घालतात आणि गाडी चार इंच उठते. मागच्या सलग एक्सलवर हे गणित जवळपास एकास एक असतं, त्यामुळे पुढे-मागे एकच जाडी दिसली तर संशय घ्या.

जास्त उठलीय का याची खात्री करायला पुढची बाजू चासीखाली जॅक आणि स्टँड लावून उचला, चाक लटकू द्या. चार गोष्टी पाहायच्या. एक, एक्सलच्या रबर बुटाच्या घड्या एका बाजूला एकमेकींवर घासतात का. दोन, वरचा आर्म स्प्रिंगला टेकतो का. तीन, वरचा बॉलजॉइंट आपल्या टोकाला जाऊन अडकलाय का. चार, स्टिअरिंग दोन्हीकडे पूर्ण कापून ब्रेकच्या रबरी पाइपला ढील उरते का. पाइप तारेसारखा ताणला गेला असेल तर गाडी तिथेच ठेवा. चाक हाताने फिरवताना कट-कट ऐकू आलं तर एक्सलचा कोन हाताबाहेर गेलाय. मागेही ब्रेक पाइप आणि एबीएसची वायर तपासा.

स्पेसर काढून टाका असंच मी सांगेन. काही कारणाने चार दिवस ठेवावे लागणारच असतील, तर चाक काढून आतले नट टॉर्क पान्याने आवळलेत का ते बघा. ३० मिमीचे स्पेसर स्वतःच्या नटांनी हबला बसतात आणि ते नट चाकाखाली लपतात, त्यामुळे पुन्हा कोणी बघतच नाही. चाकाचे नट चढवताना फेरे मोजा. स्टड १२ मिमी, पिच (एका फेऱ्यात नट पुढे सरकतो ते अंतर) १.५ मिमी असेल तर हाताने किमान ८ पूर्ण फेरे बसले पाहिजेत. पाच-सहातच नट टेकला तर पकड अपुरी. शंभरेक किलोमीटरनंतर सगळे पुन्हा आवळायचे.

कापलेला पत्रा हा यातला परत न येणारा भाग. तो जोड दोन-तीन पत्रे एकावर एक ठेवून स्पॉट वेल्ड केलेला असतो. नुसती बाहेरची कड गेली आणि वेल्डचे ठिपके शाबूत असतील तर काम सोपं: घासून साफ, इपॉक्सी प्रायमर, सीम सीलर, वरून रंग. ठिपकेच कापले गेले असतील तर पत्रे वहीच्या पानांसारखे सुटे होतात. ०.१ मिमीची फीलर पट्टी (फट मोजायची पातळ पट्टी) आत शिरली की समजा सुटले. दुसरी चाचणी पाण्याची: चाकाच्या आतून दहा मिनिटं पाइपने पाणी मारा आणि आत पायाखालच्या गालिच्याखाली हात घाला. ओल असेल तर पुन्हा वेल्डिंग लागेल. ते जाणत्या डेंटरकडूनच करून घ्या, ज्याने कापलं त्याच्याकडून नाही. वेल्डिंगआधी बॅटरीची निगेटिव्ह काढायला सांगा. गाडी कोकणात किंवा गोव्यात असेल तर उघडी कड एक पावसाळाही बिनगंजाची निघणार नाही, तेव्हा फोटो झाले की निदान झिंक प्रायमर मारून ठेवा.

हे झाल्यावर फोर-व्हील अलाइनमेंट आणि त्याची छापील पट्टी. कॅस्टर (स्टिअरिंगला सरळ ठेवणारा चाकाचा कोन) कमी झाला असेल तर सरळ रस्त्यावर स्टिअरिंग भटकतं, मिस्त्री टायरला दोष देतो. स्टिअरिंग अँगल सेन्सर रीसेट करायला सांगा. हेडलाइट खाली घ्या, लिफ्टनंतर समोरच्याच्या डोळ्यात जातात. नव्या टायरवर काटा ८० दाखवेल तेव्हा खरा वेग ८४ असेल.

आता कायद्याचं, आणि हे कडू आहे. पत्रा कापणं तुमच्या परवानगीशिवाय झालं, पण लिफ्ट आणि मोठे टायर तुम्हीच सांगितले होते. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे निर्मात्याच्या मूळ तपशिलाशी विसंगत बदल चालत नाहीत. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये हेच ठामपणे सांगितलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने आलेल्या कलम १८२अ(४) खाली नियमबाह्य बदल करणाऱ्या वाहनमालकाला प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं. अपघात झाला तर विमा कंपनी हाच धागा पकडते. अधिकृत सर्व्हिस सेंटरला तपासणीला नेलीत तर त्यांच्या नोंदीत "मॉडिफाइड" लागण्याची आणि वॉरंटीत अडण्याची शक्यता धरून जा. म्हणून स्वतंत्र तपासणीचा लेखी अहवाल एखाद्या विमा सर्व्हेअरकडून किंवा चांगल्या बॉडीशॉपकडून घेतलेला बरा.

त्यामुळे तक्रार "लिफ्ट बिघडवली" अशी मांडू नका. न सांगता बॉडी कापली, सुरक्षेचा भाग काढून ठेवला आणि बिलात लपवलं, एवढ्यावरच ठाम राहा. आधी लेखी नोटीस, १५ दिवसांची मुदत: पत्र्याच्या दुरुस्तीचा खर्च (दुसऱ्या बॉडीशॉपच्या कोटेशनसह), स्पेसरचे आणि मजुरीचे पैसे परत, काढलेले भाग परत. बहुतेक प्रकरणं इथेच मिटतात, कारण गॅरेजवाल्यालाही ग्राहक आयोगासमोर आपण काय काय बसवतो ते सांगायचं नसतं. नाही मिटलं तर १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर नोंद, मग जिल्हा ग्राहक आयोग. दिलेली रक्कम ५ लाखांपर्यंत असेल तर शुल्क नाही, मुदत दोन वर्षं, आणि ग्राहक संरक्षण कायदा २०१९ मुळे तुम्ही राहता त्या जिल्ह्यातही दाखल करता येते.

गाडी पुन्हा कुठेही टाकाल तेव्हा जॉब कार्डवर सही करण्याआधी स्वतःच्या हाताने हे लिहा: "लेखी परवानगीशिवाय कापणं, वेल्डिंग, भोक पाडणं, गरम करून वाकवणं किंवा कंपनीचा कोणताही भाग काढून ठेवणं नाही. काढलेले सर्व भाग गाडीसोबत परत." जो मिस्त्री हे वाचून कुरकुरतो, त्याच्याकडे गाडी सोडू नका.