गंभीर आजाराची बातमी रुग्णाला कशी द्यावी?

वाचकांच्या प्रश्नांना उपशामक उपचार (गंभीर आजारात वेदना व त्रास कमी करणारे उपचार) करणाऱ्या डॉक्टरांनी दिलेली उत्तरे

प्रश्न : मी सातारा जिल्ह्यातील एका तालुक्याच्या गावी फिजिशियन आहे. काविळीसाठी दाखल झालेल्या एका ६२ वर्षांच्या शेतकऱ्याच्या सीटी स्कॅनमध्ये स्वादुपिंडाचा कर्करोग यकृतापर्यंत पसरल्याचे दिसले आणि बायोप्सीतही तेच निघाले. रिपोर्ट येताच मुलाने मला केबिनबाहेर गाठले आणि म्हणाला, “डॉक्टर, अण्णांना काही सांगू नका, ते धसका घेतील.” आता अण्णा रोज राऊंडला विचारतात, “कावीळ कधी उतरणार?” मी “औषध चालू आहे” एवढेच बोलून पुढच्या खाटेकडे वळतो. मुलाचे ऐकावे की रुग्णाला सांगावे? आणि सांगायचे झाले तर कसे सांगावे?

उत्तर : या दोन पर्यायांच्या आधीचा एक प्रश्न अजून विचारायचा राहिला आहे आणि तो अण्णांना विचारायचा आहे : स्वतःच्या आजाराविषयी त्यांना किती जाणून घ्यायचे आहे? मुलाने त्यांच्या वतीने उत्तर देऊन टाकले आणि तुम्ही ते मान्य केलेत. आपल्याकडच्या बहुतेक रुग्णालयांत रोज हेच घडते, आणि ज्याचा आजार आहे तोच त्याविषयी सगळ्यात कमी जाणणारा माणूस ठरतो.

तरीही सुरुवात मुलापासून करा आणि त्याच्याशी वाद घालू नका. त्याला व्हरांड्यात उभे न ठेवता खोलीत बसवा आणि विचारा, “अण्णांना कळलं तर काय होईल, अशी तुम्हाला भीती वाटते?” कोणाला वाटते की वडील जेवण सोडतील, कोणाला वाटते की ते जिवाचे काही बरेवाईट करून घेतील, कोणाच्या घरी बहिणीच्या लग्नाची तारीख ठरलेली असते, तर कोणाला वडिलांच्या समोर बसून रडू आवरणार नाही याचीच धास्ती असते. हे सगळे ऐकून घेतल्यावर दुसरा प्रश्न विचारा : “अण्णांना स्वतःला काय वाटत असेल?” येथे मुलगा बहुधा गप्प होतो, कारण त्याला उत्तर ठाऊक असते. ज्याचे वजन दोन-तीन महिन्यांत झरझर उतरले, ज्याला अंगाच्या खाजेने रात्रभर झोप नाही आणि वर्षानुवर्षे न फिरकलेले पाहुणे ज्याला अचानक भेटायला येऊ लागले आहेत, त्याला शंका आलेली असतेच. त्याला फक्त ती बोलून दाखवायला कोणी उरलेले नसते. घरातले सगळे त्याच्यापासून लपवतात आणि आपल्याला कळले आहे हे तो घरच्यांपासून लपवतो, आणि उरलेले मोलाचे दिवस या दुहेरी नाटकात खर्ची पडतात.

मग मुलाला तुमची बाजू सरळ शब्दांत सांगा : “मी आपणहून त्यांच्यावर काही लादणार नाही. पण त्यांनी मला विचारलं, तर मी खोटं बोलणार नाही, कारण उद्या दुखणं वाढलं की त्यांचा माझ्यावर विश्वास असायला हवा.” एवढे शांतपणे सांगितल्यावर बहुतेक मुले तयार होतात, आणि कित्येकांच्या खांद्यावरचा भार त्या क्षणी उतरलेला दिसतो.

नियमांचे म्हणाल, तर भारतीय वैद्यक परिषदेच्या २००२ च्या आचारसंहितेत डॉक्टरांनी आजाराचे गांभीर्य वाढवूनही सांगू नये आणि कमी करूनही सांगू नये, असे म्हटले आहे. मात्र ही माहिती रुग्णाला, नातेवाइकांना किंवा जबाबदार मित्रांना असावी, अशी तेथील रचना असल्यामुळे नातेवाइकांना सांगितले की आपले काम झाले, असा सोयीचा अर्थ आपण डॉक्टर काढतो. संमतीच्या बाबतीत ती पळवाट राहत नाही. समीरा कोहली खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २००८ साली स्पष्ट केले की सज्ञान, सक्षम रुग्णाची संमती त्याची स्वतःचीच हवी आणि ती पुरेशी माहिती मिळाल्यावर दिलेली हवी. त्या खटल्यात भुलेखाली असलेल्या रुग्णाच्या आईने दिलेली संमती, तातडीची गरज नसल्यामुळे, ग्राह्य धरली गेली नाही. पित्तनलिकेत स्टेंट (पित्ताचा अडलेला मार्ग मोकळा ठेवणारी बारीक नळी) घालण्याच्या किंवा केमोथेरपीच्या कागदावर अण्णांची सही घ्यायची असेल, तर ती कशासाठी आहे हे त्यांना कळलेच पाहिजे.

‘हे परदेशी खूळ आहे, आपल्या समाजात चालत नाही’ असेही ऐकू येते. अमेरिकेत १९६१ साली शिकागोतील डॉक्टरांची पाहणी झाली, तेव्हा सुमारे ९० टक्के डॉक्टरांचा कल रुग्णाला कर्करोगाचे निदान न सांगण्याकडेच होता. अमेरिकेतच तशी दुसरी पाहणी १९७९ साली प्रसिद्ध झाली, तेव्हा सुमारे ९७ टक्के डॉक्टर सांगण्याच्या बाजूचे निघाले. एका पिढीच्या आत हे बदलले, याचा अर्थ त्याचा संबंध मातीशी कमी आणि डॉक्टरांच्या सवयीशी जास्त आहे, असे मी मानतो.

आता प्रत्यक्ष बोलण्याविषयी. यासाठी २००० साली अमेरिका व कॅनडातील डॉक्टरांनी मांडलेली सहा पायऱ्यांची ‘स्पाइक्स’ नावाची पद्धत जगभर शिकवली जाते : योग्य जागा व वेळ, रुग्णाला काय ठाऊक आहे ते जाणणे, त्याची परवानगी घेणे, माहिती देणे, भावनांना जागा देणे आणि पुढची आखणी करणे. आपण डॉक्टर बहुधा थेट चौथ्या पायरीवर उडी घेतो. दुसरी आणि तिसरी पायरी वगळली की चांगल्या शब्दांत दिलेली बातमीही अंगावर कोसळते, म्हणून तुमचा अर्धा वेळ तेथे जाऊ द्या.

राऊंड संपल्यावर वेगळ्या खोलीत, मोबाइल बंद करून, अण्णांच्या नजरेच्या पातळीवर बसा. शेजारी कोण हवे ते त्यांनाच विचारा. कदाचित ते मुलाऐवजी पत्नीचे नाव घेतील. मग म्हणा, “अण्णा, आजवर तुमच्या इतक्या तपासण्या झाल्या. तुम्हाला स्वतःला या दुखण्याबद्दल काय वाटतं?” त्यांचे उत्तर त्यांच्याच शब्दांत लक्षात ठेवा. “पोटात गाठ असंल” असे ते म्हणाले, तर तुम्हीही गाठ म्हणा, इंग्रजी अहवालातली नावे मध्ये आणू नका. पुढे विचारा, “रिपोर्ट आले आहेत. तुम्हाला सगळं नीट समजून घ्यायचं आहे, की थोडक्यात सांगू, की मुलाशी बोलू?” “पोराशीच बोला” असे उत्तर आले, तर तोही त्यांचा अधिकार आहे, तो मनापासून माना, फाइलमध्ये नोंदवा आणि “पुढं कधीही विचारावंसं वाटलं तर मी आहे” असे सांगून ठेवा, कारण पुष्कळ रुग्ण तीन-चार दिवसांनी आपणहून विचारतात.

ऐकायचे आहे असे ते म्हणाले, तर आधी मनाची तयारी करून द्या : “रिपोर्ट आपल्याला हवे होते तसे आलेले नाहीत.” क्षणभर थांबा. मग एका वाक्यात सांगा : “ही गाठ कॅन्सरची आहे आणि ती यकृतापर्यंत गेली आहे.” त्यानंतर गप्प बसा. हे गप्प बसणे डॉक्टरांना सगळ्यात जड जाते. आपण घाबरून लगेच केमोचे, खर्चाचे, मुंबईच्या तारखेचे बोलू लागतो, आणि रुग्णाच्या कानात त्यातले एक अक्षर शिरत नाही. ते रडले तर रडू द्या. ते चिडले, तर तो राग तुमच्यावर नाही हे ध्यानात ठेवा. “हे ऐकणं फार अवघड आहे” एवढे म्हटले तरी पुरते. “उशीर केलात”, “आता आमच्या हातात काही नाही”, “देवावर भरवसा ठेवा” ही वाक्ये मात्र कटाक्षाने टाळा. पहिल्याने दोष दिला जातो आणि दुसऱ्याने साथ सोडली जाते. तिसरे रुग्णाने म्हणायचे असते, डॉक्टरने नव्हे.

“किती दिवस आहेत?” असे विचारले गेले, तर आकडा सांगू नका, कारण तो घरात तारखेसारखा पाठ केला जातो. “वर्षांची गोष्ट करता येईल असं वाटत नाही, महिन्यांचाच हिशोब धरावा लागेल, त्यात कमी-जास्त होऊ शकतं” असे सांगितले, तर ते खरेही असते आणि उपयोगाचेही. शेतकऱ्याला हे कळण्याची गरज फार ठोस असते. सोसायटीचे कर्ज, सातबारावरची नावे, भावाशी अबोला, यांतले काय मार्गी लावायचे हे त्याला ठरवू द्यायला हवे.

शेवटी, काय करता येईल हे सांगितल्याशिवाय उठू नका. स्टेंटने कावीळ आणि खाज कमी होऊ शकते, मॉर्फिनने वेदना आटोक्यात येतात, आणि ही तज्ज्ञ सेवा साताऱ्याहून फार दूर नाही : पुण्यात वारजे येथे सिप्लाचे उपशामक केंद्र १९९७ पासून आहे. ‘तिकडे पाठवले म्हणजे संपले’ ही समजूत खोडून काढा. बोस्टनमध्ये पसरलेल्या फुफ्फुसाच्या कर्करोगाच्या १५१ रुग्णांवर झालेल्या आणि २०१० साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, नेहमीच्या उपचारांबरोबर सुरुवातीपासून उपशामक उपचार मिळालेल्यांचे जगणे अधिक सुसह्य झाले, त्यांच्यात नैराश्य कमी दिसले, आणि त्यांच्यातले निम्मे रुग्ण ११.६ महिन्यांहून अधिक जगले. इतरांच्या बाबतीत हा काळ ८.९ महिने होता.

प्रश्न : मी कर्करोग वॉर्डात परिचारिका आहे. रात्रपाळीत एक बाई हात धरून विचारतात, “सिस्टर, मी बरी होईन ना?” डॉक्टरांनी त्यांना काय सांगितले आहे हेच मला माहीत नसते. मी काय बोलावे?

उत्तर : “होणार ना, काळजी करू नका” हे उत्तर तोंडावर येते, पण त्याने बोलणे तेथेच संपते. निदान सांगणे हे तुमचे काम नाही. प्रश्न ऐकणे मात्र तुम्हाला शक्य आहे. स्टूल ओढून बसा आणि विचारा, “आज हे का मनात आलं?” कदाचित त्यांना मरणापेक्षा दहावीतल्या मुलीची चिंता असेल, किंवा शेजारच्या खाटेवरची बाई दुपारी गेलेली असेल. “मला याचं उत्तर देता येणार नाही, पण तुम्ही विचारलंत हे मी सकाळी डॉक्टरांना सांगते” असे म्हणा आणि खरोखरच सांगा. तुमच्या वॉर्डात एक पद्धत आग्रहाने सुरू करा : डॉक्टर अशी बातमी देतील तेव्हा परिचारिका खोलीत हजर असावी, आणि रुग्णाला नेमक्या कोणत्या शब्दांत काय सांगितले ते केसपेपरवर लिहिलेले असावे. त्याशिवाय रात्रपाळीच्या परिचारिकेला अंधारात बोलावे लागते.

प्रश्न : माझ्या आईला आजार पसरल्याचे राऊंडच्या वेळी सर्वांसमोर, उभ्या-उभ्या सांगितले गेले. पुढच्या वेळी असे होऊ नये म्हणून आम्ही काय करावे?

उत्तर : जे झाले ते चुकीचे होते. वैद्यकीय महाविद्यालयांत २०१९ पासून एमबीबीएसच्या अभ्यासक्रमात संवाद आणि वैद्यकीय नीती हे विषय औपचारिकपणे आले आहेत. त्याआधी शिकलेल्यांनी हे बहुधा वरिष्ठांना पाहूनच उचलले आहे. पुढचा रिपोर्ट येण्याआधीच युनिटच्या डॉक्टरांना किंवा वॉर्डच्या सिस्टरना सांगा की आईला आणि तुम्हाला बसून बोलण्यासाठी पंधरा मिनिटे वेगळी हवी आहेत. प्रश्न कागदावर लिहून न्या, त्यात आईचे प्रश्न आधी लिहा, आणि रुग्णालयात समाजसेवा अधीक्षक असतील तर त्यांना सोबत घ्या.