ॲरिस्टॉटलच्या ‘फिलिया’ला मराठीत काय म्हणावे?

प्रश्न असा आहे: एका वाचकमंडळासाठी ॲरिस्टॉटलच्या नीतिशास्त्रावरील ग्रंथातल्या (‘निकोमाखियन एथिक्स’) मैत्रीविषयक भागाचे मराठी रूपांतर चालू आहे. मूळ ग्रीक शब्द ‘फिलिया’. पहिल्या खर्ड्यात त्यासाठी सर्वत्र ‘मैत्री’ हा शब्द होता. नंतर एकाने सुचवले की ‘सख्य’ हा शब्द अधिक भारदस्त असून आपल्या परंपरेतला आहे, तेव्हा तोच घ्यावा. दुसऱ्याने पसायदानातले ‘मैत्र’ पुढे केले. या तीन शब्दांत खरोखर काही भेद आहे, की हा केवळ आवडीनिवडीचा प्रश्न आहे, अशी पृच्छा आहे.

भेद आहे, आणि तो वरवरचा नाही. सर्वत्र ‘सख्य’ घातल्यास ॲरिस्टॉटलचे एक महत्त्वाचे विधान मराठी वाचकाच्या कानाला चक्क चुकीचे वाटेल. त्याचे कारण पुढे येईलच, पण आधी मूळ शब्दाचा पसारा पाहणे आवश्यक आहे.

ॲरिस्टॉटलचा (इ.स.पू. ३८४–३२२) हा ग्रंथ दहा भागांचा आहे आणि त्यांतले आठवा व नववा हे दोन पूर्ण भाग फिलियाला दिलेले आहेत. बाकीची सर्व सुखे हाताशी असली तरी मित्रांवाचून जगणे कोणी पत्करणार नाही, असे तो आरंभीच सांगतो. ‘फिलिया’च्या मुळाशी प्रिय मानणे, जीव लावणे अशा अर्थाचे क्रियापद आहे. तेच ‘फिलॉसॉफी’ या शब्दात आहे, म्हणून त्या शब्दाचा मूळ अर्थ शहाणपणाची ओढ असा होतो. आपल्या ‘तत्त्वज्ञान’ या प्रतिशब्दात ज्ञान आले, ओढ मात्र मागे राहिली. ‘फिलिप’ या नावातही तेच आहे: ज्याला घोडे प्रिय, तो फिलिप. याच नावाच्या मॅसिडोनियाच्या राजाने आपल्या मुलाला, म्हणजे अलेक्झांडरला, शिकवण्यासाठी ॲरिस्टॉटलला बोलावून घेतले होते.

अशा शब्दाची व्याप्ती मोठी असणार हे उघडच आहे. ॲरिस्टॉटल फिलियाखाली कोणाकोणाला घेतो ते पाहा: आई आणि मूल, भाऊ-भाऊ, नवरा-बायको, राजा आणि प्रजा, एका जहाजातून प्रवास करणारे, एका फौजेत लढणारे, एका नगरात राहणारे; इतकेच काय, पिलांना जपणारे पक्षीसुद्धा. परमुलखात फिरताना माणूस माणसाला किती जवळचा असतो हे कळते, असेही तो म्हणतो. या सगळ्यांना मराठीत ‘मैत्री’ म्हणता येईल का? एखादी मुलगी ‘आई माझी मैत्रीण आहे’ असे म्हणते, तेव्हा आईपणाच्या पलीकडचे काहीतरी, मोकळे बोलण्याचे बरोबरीचे नाते, तिला सांगायचे असते. ॲरिस्टॉटलला मात्र खुद्द आईची मायाच अभिप्रेत आहे. तो अशा आयांचे उदाहरण देतो, ज्या आपले मूल दुसऱ्याकडे वाढवायला देतात. मुलाला आपली आई कोण हे ठाऊकही नसते, पण त्याचे बरे चाललेले दिसले की त्या समाधान मानतात. येथे ‘आईची मुलाशी मैत्री’ असे लिहिले, तर वाचकाच्या मनात भलतेच चित्र उभे राहील.

माझ्या मते या व्यापक अर्थासाठी ‘स्नेह’ हा शब्द घ्यावा. तो आईच्या बाबतीत शोभतो, शेजाऱ्याच्या बाबतीत शोभतो, आणि पत्राच्या शेवटी ‘आपला स्नेहांकित’ असे जेमतेम ओळखीच्या माणसालाही लिहिता येते. ‘स्नेह’ म्हणजे तेल, तूप, ओशटपणा हा अर्थही त्यात अजून जिवंत आहे. म्हणूनच संक्रांतीला तिळगूळ देताना तिळातला स्नेह आणि मनातला स्नेह यांची सांगड सहज घातली जाते. जहाजावरच्या सहप्रवाशांपासून नगरातल्या नागरिकांपर्यंत जो ओलावा माणसांना धरून ठेवतो, तो सांगायला मला याहून चांगला शब्द सुचत नाही.

पण ‘स्नेह’ सर्वत्र चालणार नाही. ॲरिस्टॉटल फिलियाचे तीन प्रकार करतो: उपयोगासाठीची, आनंदासाठीची आणि एकमेकांच्या चांगुलपणावर उभी असलेली. ‘उपयोगासाठीचा स्नेह’ हे शब्द एकमेकांशी भांडतात. ‘कामापुरती मैत्री’ मात्र मराठीत सहज बसते. माणसे परस्परांना निवडतात अशा या तिन्ही प्रकारांसाठी ‘मैत्री’च ठेवावी.

पहिल्या प्रकाराच्या भाषांतरात एक धोका आहे, त्यावर थोडे थांबतो. आपल्याकडे ‘कामापुरता मामा, ताकापुरती आजी’ अशी म्हण आहे. हातात लोटा घेऊन कोणी दारात उभा राहतो, ‘आजी’ अशी हाक मारतो, ताक मिळाले की आजीही संपते आणि नातेही. ॲरिस्टॉटल म्हणतो ते हेच: उपयोग सरला की ही मैत्री विरते, कारण येथे माणूस प्रिय नसतो, त्याच्याकडून होणारे काम प्रिय असते. दोन्हीकडचे निरीक्षण एकच आहे आणि आपल्या म्हणीने मामा व आजी ही रक्ताची नाती वापरावीत, हेही फिलियाच्या विस्ताराशी विलक्षण जुळते. फरक सुरात आहे. म्हण हिणवते, ॲरिस्टॉटल हिणवत नाही. तिसऱ्या, चांगुलपणावर उभ्या असलेल्या पूर्ण मैत्रीशी साम्य असल्यामुळे तो या नात्यालाही फिलिया म्हणायला तयार आहे, आणि बाजारपेठेतली माणसे व एकमेकांशी करार करणारी नगरे यांचा व्यवहार त्यावरच चालतो हे त्याला मान्य आहे. म्हणून खर्ड्यात कोठे ‘स्वार्थी मैत्री’ असे शब्द असल्यास ते काढून टाकावेत. ‘स्वार्थी’ या विशेषणाने लेखकाने न दिलेला निकाल वाचकापुढे जातो.

आता ‘मैत्र’. संस्कृतात मित्र या अर्थी ‘मित्रम्’ हा शब्द नपुंसकलिंगी आहे, तर पुल्लिंगी ‘मित्रः’ म्हणजे सूर्य किंवा त्या नावाची वैदिक देवता. मराठीने मित्राला पुल्लिंगी केले. ‘मैत्र’ हे ‘मित्र’पासून साधलेले रूप, गीतेच्या बाराव्या अध्यायातील ‘मैत्रः करुण एव च’ या चरणात ते भक्ताचे विशेषण आहे. ग्रामीण बोलीतला ‘मैतर’ हा मात्र माणूस आहे, म्हणजे मित्रच, आणि ‘मैत्रीण’ या शब्दातला ‘मै’ तिकडूनच आलेला दिसतो. सरळ ‘मित्र’पासून शब्द साधला असता तर तो ‘मित्रीण’ झाला असता. पसायदानात ‘भूतां परस्परें पडो । मैत्र जीवाचें’ असे आहे. ‘जीवाचें’ या रूपावरून येथे ‘मैत्र’ नपुंसकलिंगी नाम आहे, म्हणजे त्याचा अर्थ मित्र असा नसून मैत्री असा आहे, हे स्पष्ट होते. क्रियापदही पाहण्यासारखे आहे: मैत्र ‘करोत’ असे ज्ञानदेव म्हणत नाहीत, ते ‘पडो’ म्हणतात, जसे आपण गाठ पडते म्हणतो.

मग हा सुंदर शब्द ॲरिस्टॉटलला का देऊ नये? कारण ज्ञानदेवांनी ते मैत्र ‘भूतां परस्परें’, म्हणजे सर्व प्राणिमात्रांसाठी मागितले आहे. पतंजलीच्या योगसूत्रांतील मैत्री, करुणा, मुदिता, उपेक्षा या चौकडीतली मैत्रीही अशीच, एका विशिष्ट माणसाशी न बांधलेली मनाची वृत्ती आहे. ॲरिस्टॉटलची पूर्ण मैत्री याच्या अगदी दुसऱ्या टोकाला आहे. ती पुष्कळांशी होऊच शकत नाही, असे तो बजावतो. तिला वेळ लागतो आणि सहवास लागतो. एकत्र मीठ खाल्ल्याशिवाय माणसे एकमेकांना ओळखत नाहीत, अशी ग्रीक म्हण तो देतो. (आपल्या ‘खाल्ल्या मिठाला जागणे’ या वाक्प्रचाराशी तिची गल्लत करू नये, आपले मीठ धन्याचे असते आणि ते इमान मागते, त्यांचे मीठ दोघांच्या मधल्या ताटातले असते.) एका ठिकाणी मात्र ज्ञानदेव आणि ॲरिस्टॉटल जवळ येतात. मित्र बिघडला तर त्याला सोडावे का, या प्रश्नावर ॲरिस्टॉटल म्हणतो की सुधारण्याजोगा असेल तर त्याची मालमत्ता वाचवण्यापेक्षा त्याचे शील सावरायला अधिक झटून मदत करावी. ‘खळांची व्यंकटी सांडो’ हे मागणे ज्याच्या कानात लहानपणापासून आहे, त्याला ही जागा वाचताना ओळखीची वाटेल.

राहिला ‘सख्य’. संस्कृतातला ‘सच्’ हा धातू म्हणजे सोबत असणे, बरोबर जाणे. ‘सखा’ हा शब्द बहुतेक अभ्यासक याच धातूशी जोडतात. पाणिनीचे ‘साप्तपदीनं सख्यम्’ असे सूत्रच आहे: सात पावले बरोबर चालल्याने जे जुळते ते सख्य. विवाहातल्या सप्तपदीत सातव्या पावलाला वधूला ‘सखा’ म्हटले जाते ते यामुळेच. केवळ एवढाच विचार केला तर ‘सख्य’ ॲरिस्टॉटलला चपखल बसावे. मित्रांचे सर्वांत ठळक लक्षण त्याच्या मते एकत्र जगणे हेच आहे, आणि माणसाच्या बाबतीत एकत्र जगणे म्हणजे गुरांसारखे एका कुरणात चरणे नव्हे, तर बोलण्यात आणि विचारात वाटेकरी होणे, असा खुलासाही तो करतो.

पण मराठीत ‘सख्य’ या शब्दाने आणखी एक वाट चालली आहे. नवविधा भक्तीत आठवी भक्ती सख्य, आणि दासबोधात समर्थांनी तिच्यासाठी स्वतंत्र समास लिहून ‘देवासी परम सख्य करावें’ अशी आज्ञाच केली आहे. तुकोबांनी तर ‘जेथें जातों तेथें तूं माझा सांगाती’ असे म्हणून विठ्ठलाच्या हाती हात दिला. ‘सांगाती’ म्हणजे पुन्हा बरोबर चालणाराच. गोकुळात कृष्ण सवंगड्यांच्या शिदोऱ्या एकत्र करून काला करतो आणि त्यांच्याबरोबर बसून खातो, हे दृश्य कीर्तनात शतकानुशतके रंगत आले आहे. देवाशी मैत्री होते, व्हावी, हे मराठी माणसाच्या धर्मभावनेत इतके मुरलेले आहे की ‘सख्य’ म्हटल्याबरोबर देव त्या शब्दात हजर असतो.

ॲरिस्टॉटल याच्या नेमके उलट सांगतो. मैत्रीला काही एक बरोबरी लागते. सद्गुण, संपत्ती किंवा अधिकार यांत फार अंतर पडले की ती टिकत नाही, आणि देवाइतके अंतर पडले की ती शक्यच राहत नाही, असे त्याचे म्हणणे आहे. म्हणूनच आपल्या मित्राने देव व्हावे अशी इच्छा मित्र धरतो का, असाही प्रश्न तो विचारतो, कारण देव झालेला मित्र मित्र उरणार नाही. हे वाक्य मराठीत ‘देवाशी सख्य शक्य नाही’ असे उतरले, तर वाचकाला वाटेल की ॲरिस्टॉटल भक्तिमार्गाशी वाद घालतो आहे. तो तसे करत नाही. तो फक्त फिलियाची एक अट तपासून पाहतो आहे.

अंतराची ही जाणीव आपल्याकडे नव्हती असे मुळीच नाही. विश्वरूप पाहिल्यावर अर्जुनाचा पहिला पश्चात्ताप हाच आहे की आपण याला बरोबरीचा समजून ‘हे कृष्ण, हे यादव, हे सखे’ अशा हाका मारल्या. त्या क्षणी अर्जुन ॲरिस्टॉटलच्या बाजूला उभा आहे. पण लगेच पुढे तो मागणे मागतो ते असे की, सखा जसा सख्याचे सोसून घेतो तसे माझे सोसून घे. अंतर दिसल्यावरही त्याने तो शब्द सोडला नाही, आणि त्या शब्दाचे आपल्या भाषेतले सारे पुढचे आयुष्य या न सोडण्यावर उभे आहे. असा शब्द दुसऱ्या विचाराच्या सेवेला जुंपताना मला संकोच वाटतो.

‘सुहृद’ हा शब्दही कोणी सुचवील, म्हणून त्याविषयी थोडक्यात. गीतेच्या सहाव्या अध्यायात सुहृद आणि मित्र वेगवेगळे येतात, आणि परतफेडीची अपेक्षा न ठेवता उपकार करणारा तो सुहृद, असा अर्थ शंकराचार्यांनी दिला आहे. फिलिया एकतर्फी चालत नाही; दोघांनीही एकमेकांचे भले चिंतावे आणि ते दोघांनाही ठाऊक असावे, ही तिची अट आहे. तेव्हा ‘सुहृद’ येथे उपयोगी नाही.

प्रत्यक्ष खर्ड्यासाठी माझी सूचना अशी: आठव्या भागाच्या पहिल्या परिच्छेदात ‘फिलिया’ हा शब्द तसाच लिहून मराठीत त्यासाठी प्रसंगानुसार ‘स्नेह’ आणि ‘मैत्री’ असे दोन शब्द वापरले आहेत, हे एका वाक्यात सांगावे. कुटुंब, नगर, फौज आणि जहाज येथे स्नेह, तीन प्रकारांच्या चर्चेत मैत्री, आणि देवाच्या वाक्यात ‘देव आणि माणूस यांच्यात मैत्री संभवत नाही, कारण अंतर फार आहे’ असे साधे मराठी.