राजीनाम्याआधी खांद्याचं बघा

तुमचं पत्र दोनदा वाचलं. दिवसा हिशेब विभागात नोकरी, संध्याकाळी व्हीलचेअर तलवारबाजीचा सराव आणि आता राष्ट्रीय शिबिराचं बोलावणं. 'नोकरी सोडू का?' असं विचारलंत. एवढ्यात नको.

तुम्ही तास मोजलेत, आठ कामाचे, तीन सरावाचे, दोन प्रवासाचे. खांदा मात्र मोजायचा राहून गेला. उभ्याने खेळणारा पायांनी मागे सटकतो. तुमची खुर्ची चौकटीत घट्ट बसवलेली, सीटवरून उठलात तर दंड. वार चुकवायचा तो कमरेतून आणि मारायचा तो खांद्यातून. त्याच खांद्याने दिवसभर चाकं ढकलायची, रॅम्प चढायचा, फायली ओढायच्या. एपेच्या (तलवारबाजीतल्या तीन शस्त्रप्रकारांपैकी एक) ५ गुणांच्या लढती निभतात, पण १५ गुणांच्या बाद फेरीत दहा-अकरानंतर हात खाली येतो, असं तुम्हीच लिहिलंय. हा दोष तंत्रात शोधण्याआधी ऑफिसात शोधा.

साहेबांकडे सवलत मागायला जाऊ नका, वेळापत्रक घेऊन जा. वर्षभराच्या स्पर्धा आणि शिबिरं एका कागदावर, शेजारी महिनाअखेर आणि वर्षअखेरचे कामाचे दिवस. कुठे टक्कर होते ते त्यांच्याआधी तुम्हीच दाखवा आणि त्या दिवसांचं काम कोण, कसं उरकेल तेही सांगा. आठवड्यातून दोन दिवस घरून काम मिळालं तर प्रवासाचे चार तास वाचतील. त्यातले दोन झोपेला द्या. (खेळाडू हे ऐकत नाहीत, मला माहीत आहे.) जमेल तेव्हा सराव सकाळी हलवा, खांदा ताजा असतो.

नोकरी सोडायची वेळ येईलही. वर्षभराचा खर्च, म्हणजे पाती, मास्क, जॅकेट, प्रवास आणि घर, कुणीतरी लेखी उचलला की मग बोलू. प्रायोजकाच्या तोंडी आश्वासनावर राजीनामा देऊ नका. त्यापेक्षा पॅरालिम्पिक पात्रतेच्या काळापुरती बिनपगारी रजा मागा. आणि हो, शारीरिक क्षमतेनुसार खेळाडूंचे गट पाडतात, त्यात तुमचं ए किंवा बी गटातलं वर्गीकरण पक्कं झालंय का? पत्रात तसं काही नाही. सी गटाला पॅरालिम्पिकमध्ये जागा नाही, त्यामुळे हे कळेपर्यंत मोठा निर्णय नकोच.

शिबिराला होकार आजच कळवा, रजेचा अर्ज उद्या. आणि ऑफिसातलं टेबल कोपराच्या उंचीला येतं का, ते मोजून मला लिहा.